पहिले सात दिवस फुकट

मोबाईलवरच्या खरेदीचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. एक जण लाजत लाजत आपला सांगतो, मग दुसऱ्याला आपला आठवतो, आणि मधली सुट्टी संपायच्या आत टेबलावर चार किस्से पडलेले असतात! कराडजवळच्या आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये तर यासाठी नियमच झालाय. जो फसला, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. गेटसमोरच्या गाड्यावरून बबन केटली घेऊन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोण?"

मी गणित शिकवतो. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज. त्यामुळे दुसऱ्याच्या फजितीवर सगळ्यात मोठ्यानं हसायचा मान माझा. "अहो, निदान वाचून तरी बटण दाबायचं!" हे माझं ठरलेलं वाक्य. माझ्या नावावर आजवर एकही चहा नाही. खरं तर सगळ्यात मोठा चहा माझ्याकडेच निघतो आणि मी गप्प बसलोय. तो किस्सा स्टाफरूममध्ये सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून इथं सांगणार आहे. पण आधी बाकीच्यांचे.

*

जगताप सर पी.टी.चे. त्यांनी मोबाईलवर एक बूट हेरून ठेवला होता. रोज प्रार्थना झाली की एकदा बघायचे. सोमवारी एक किंमत, मंगळवारी त्याहून जास्त, बुधवारी आणखी जास्त.

"मी बघतोय हे त्याला कळतंय बघा!" सर हताश होऊन म्हणाले.

मग आम्ही सगळ्यांनी आपापले मोबाईल काढून तोच बूट शोधला. सहा मोबाईल, सहा किमती! सगळ्यात स्वस्त निघाला तो आमचे शिपाई मारुतीमामा यांच्या काच तडकलेल्या मोबाईलवर. मामांनी जन्मात ऑनलाइन काही घेतलं नव्हतं, म्हणून नव्या गिऱ्हाइकाला खास सूट. सरांनी तिथल्या तिथे मामांच्या मोबाईलवरून बूट मागवला. नोंदणी मामांच्या नावाची, त्यामुळे पत्ताही मामांच्या घरचा पडला.

चौथ्या दिवशी मामा पहिली घंटा द्यायला आले ते नवाकोरा बूट घालून! सर बघतच राहिले.

"आवं सर, नवा बूट पाय सोलतोय. म्हणलं चार दिस घालून मऊ करून द्यावा तुमास्नी!"

सरांनी बूट परत मागितलाच नाही. त्या दिवशीचा चहा मात्र त्यांनी पाजला.

*

कुलकर्णी मॅडम मूळच्या वाईच्या, मराठी शिकवतात. शुद्धलेखनाची एक चूक सुटणार नाही अशी नजर. त्यांनी कुकरची रिंग मागवली. खाली बारीक अक्षरात एका चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली होती, ती मॅडमच्या नजरेतून सुटली. रिंगेबरोबर वर्षभराची मेंबरशिप गळ्यात पडली आणि वर्षाचे पैसे एका दमात गेले.

"मेंबरला डिलिव्हरी फुकट असते," मॅडम आम्हाला समजावायच्या. मग ते पैसे वसूल करायचे म्हणून रोज काहीतरी यायला लागलं. घासणी, पिशवीचे चिमटे, लिंबू पिळायचं यंत्र. एके दिवशी त्यांचे यजमान डबा द्यायला शाळेत आले आणि आमच्या सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "अगं, आणून देणं फुकट आहे. वस्तू फुकट नाहीत!"

मॅडम इतक्या ओशाळल्या की चहा त्यांनी दोनदा पाजला.

*

आमच्या हेडमास्तरांकडून रजा काढणं म्हणजे दिव्य. अर्ज दिला की चष्मा खाली सरकवून विचारणार, "नक्की जायचंच आहे का? कारण काय? हे काम दुसरं कुणी नाही का करू शकत? पुढच्या आठवड्यात गेलं तर नाही का चालणार?" माणूस कंटाळून अर्ज परत घेतो.

त्यांनी नातवासाठी कार्टूनचं कसलंसं ॲप घेतलं होतं. ते बंद करायला मोबाईल घेऊन ते माझ्याकडे आले. रद्द करायचं बटण चार पडद्यांच्या मागे सापडलं. मी दाबलं. मोबाईल विचारतो, "खरंच सोडून जायचंय?" हो म्हटलं. "कारण सांगा." सांगितलं. "पुढचा महिना निम्म्या किमतीत देतो, थांबणार का?" नाही म्हटलं. "तुमचा निर्णय पुन्हा एकदा तपासा."

हेडमास्तर घाम पुसत म्हणाले, "किती अपमान करतात हो माणसाचा!"

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. स्टाफरूममधले सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला. दुसऱ्या दिवशी जगताप सरांनी रजेचा अर्ज ठेवला, तो हेडमास्तरांनी न वाचता सही करून परत दिला!

*

शिंदे सर सांगलीकडचे. घरी हळदीचं रान आहे. त्यांची बायको शिकलेली, मोबाईलवर हुशार. तिनं रील बघून 'अस्सल सांगली हळद' मागवली. दरमहा घेतली तर किंमत कमी, म्हणून तेही बटण दाबलं. पार्सल आलं तेव्हा सरांचे वडील पडवीत स्वतःच्या हळदीच्या पोत्यांना टेकून बसले होते. त्यांनीच ते फोडलं.

सुनेला वाटलं, आता काही खरं नाही. म्हाताऱ्यानं डबी हातात घेतली, वास घेतला, बोटावर चोळून बघितली. मग त्यावरची किंमत लेकाकडून वाचून घेतली. 

"ह्यो भाव कुठं मिळतुया रं? आपली पोती बी तितंच घालू की!"

शिंदे सर हे सांगताना हसत होते, पण शेवटी त्यांनी चहाचा कप तसाच बाजूला सरकवला. पुढच्या महिन्यात डबी पुन्हा आली. म्हातारा ती न फोडता पोत्यावर ठेवतो म्हणे. आता तिथं चार झाल्यात.

*

आता माझा.

माझे वडील, आबा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथं ते एकटेच राहतात. त्यांना दोन गोष्टींचं वेड. एक कुस्ती आणि दुसरा रोजचा पेपर. दुधाच्या गाडीबरोबर पेपर वर यायचा आणि आबा तो तारखेपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो, तेव्हा म्हणाले, "आता टीव्हीवर कुस्ती दिसत न्हाई बग." मी ऐटीत त्यांचा मोबाईल घेतला आणि जुन्या-नव्या कुस्त्यांचं एक ॲप टाकलं. पहिले सात दिवस फुकट! कार्ड जोडावं लागत होतं. माझं कार्ड कराडला राहिलं होतं, म्हणून आबांच्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड जोडलं. सहाव्या दिवशी आठवणीनं बंद करायचं, असं मनात पक्कं केलं.

आबांनी दोन दिवस बघितलं आणि फोनवर सांगितलं, "पैलवान मुंगीएवढं दिसत्यात. कोण चीत झालं तेच कळंना." मोबाईल त्यांनी बाजूला ठेवला. सहावा दिवस आला आणि गेला. मी परीक्षेचे पेपर तपासत होतो, की शाळेचं गॅदरिंग होतं, आता आठवतही नाही.

मधे सुट्टीत गेलो तर खाटेवर पेपर दिसला नाही. विचारलं, तर म्हणाले, "डोळं दुखत्यात जरा." मी त्यांनाच शहाणपण शिकवलं, "मग मोबाईलवर मोठी अक्षरं करून वाचा की!" ते बरं म्हणाले.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्यांचं पासबुक हातात घेतलं. पानावर दर महिन्याला एकच इंग्रजी नाव. पहिले सहा महिने एक रक्कम, मग तीच वाढलेली. त्या कुस्तीच्या ॲपचं नाव वाचलं आणि कानापर्यंत तापलो. वाढलेल्या किमतीची ॲपवाल्यांनी कुठंतरी बारीक अक्षरात सूचना दिली असणार. जगाला 'वाचून बटण दाबा' सांगणारा मी!

क्षणभर वाटलं, पासबुक मिटावं आणि गुपचूप ॲप बंद करून टाकावं. तेवढा हलका विचार माझ्या मनात आला, हेही लिहून ठेवतो. मग विचारलंच, "आबा, हे पैसे दर महिन्याला जातायत. तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. बँकेतल्या बाई म्हणाल्या, कुणीतरी कार्ड जोडलंय, थांबवायचं का? म्या म्हणलं, नगा. माझ्या पोरानं जोडलंय."

"अहो, मग मला बोलला का नाही?"

आबा खाटेवर सरळ बसले. माझ्याकडे न बघता पासबुक माझ्या हातातून घेतलं आणि उशाखाली सरकवलं.

"शिकल्याला, नोकरीवाला गडी तू. अडचण असल्याबिगर बापाच्या पेन्शनीला हात घालशील व्हय? आन् तुला इचारून कशाला लाजवायचं? मधी जरा वाढवून घ्यायला लागलास, तवा म्या पेपर बंद केला."

मी खाटेपाशी खाली बसलो. तेव्हा ते वाकून हळूच म्हणाले,

"तेवढ्यात भागतंय न्हवं रं तुजं?"