घाडीवाडीतला स्पेन

सुबोध घाडीगावकर स्पेनला कधी गेला नाही. पासपोर्ट आहे, पण तो कपाटात साड्यांखाली कोराच्या कोरा पडलाय. अंधेरीच्या एका औषध कंपनीत असताना दक्षिण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून साहेबानं त्याला स्पॅनिश शिकायला बसवलं. पुढं कंपनीनं गाशा गुंडाळला आणि स्पॅनिश तेवढं अंगाला चिकटून राहिलं. तेव्हापासून मुलुंडच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर, तो स्पॅनिशचं इंग्रजी करत बसतो. उरलेल्या अर्ध्यावर त्याची बायको समीक्षा मटार सोलते.

माणूस हुशार, पण चालायचा भारी कंटाळा. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी रिक्षाला हात करणार. अशा माणसाच्या पदरात काय पडावं? पायी फिरणाऱ्यांचं पुस्तक! इंग्लंडातली एक सहल कंपनी निवृत्त मंडळींना स्पेनच्या खेड्यापाड्यांतून चालवत नेते. कुठून निघायचं, कुठं वळायचं ते सांगणारं हे मूळ स्पॅनिश पुस्तक. कंपनीनं सांगितलं होतं, हे जमलं तर पुढची सगळी पुस्तकं तुम्हालाच. नाही जमलं तर राम राम.

आता स्पेनच्या खेड्यांत रस्त्याला नुसतं रस्ता म्हणून भागत नाही. गाडी जाते तो कामिनो, एकटा माणूस जाईल ती सेंदा, गुरं हाकत न्यायची ती कान्यादा. शब्दकोश उघडावा तर सगळ्यांपुढं तेच ते चार इंग्रजी शब्द. पण सुबोधची कामाची एक पद्धत होती. शब्द आला की तो डोळे मिटून कोकणातल्या आपल्या घाडीवाडीत जायचा आणि तिथली एखादी वाट त्या शब्दाला देऊन टाकायचा. तिठ्यावरून देवळाकडं जाणारी गाडीवाट म्हणजे कामिनो. त्याला ट्रॅक. गुरं चरायला सड्यावर, वरच्या कातळमाळावर, चढतात ती कान्यादा. त्याला ड्रोव्ह रोड. काजूच्या बागेतून विहिरीवर उतरणारी पायवाट म्हणजे सेंदा. तिला तो फुटपाथ लिहिणार होता, पण डोळ्यांपुढं मोज्यांचे ढीग लावून बसलेले फेरीवाले आले, म्हणून नुसतं पाथ लिहिलं.

मग आला कामिनो वेसिनाल. घराघरांना जोडणारा, साऱ्या गावाचा रस्ता. सुबोधनं डोळे मिटले आणि त्याला दिसली आपल्या घराकडं जाणारी पाणंद, दोन कुंपणांमधली अरुंद वाट. तिच्या तोंडाशी चुलतभाऊ लहूनं चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडांची आडवी भिंत, घातला होता. कारण काय, तर कुंपणावरचा फणस कुणाचा! तेव्हा सुबोधनं भर अंगणात शपथ घेतली होती, गडगा असेपर्यंत गावात पाय ठेवणार नाही. गंमत अशी की लहू राहतो घाटकोपरला, हा मुलुंडला, आणि गावात फणस खातात माकडं. पण शपथ ती शपथ. समीक्षा दर गणपतीला गाव आठवून डोळे पुसते आणि हा तिकडं पाठ करून बसतो.

तर सुबोधनं लिहून टाकलं, ‘हा रस्ता खाजगी असून बंद आहे. तळ्याकडून वळसा घ्यावा.’

स्पेनच्या त्या गावात तळं नव्हतं, ते होतं घाडीवाडीत. कंपनीनं पुस्तक हातात देऊन दोन म्हाताऱ्या बायकांना वाट तपासायला पुढं धाडलं होतं. त्या दोघी चांगला मोकळा रस्ता सोडून अख्खी दुपार तळं शोधत काट्याकुट्यांतून हिंडल्या आणि फाटक्या विजारींनी परतल्या. कंपनीचं पत्र आलं. भाषा गोड होती, पण अर्थ एवढाच की आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, ही शेवटची संधी.

समीक्षानं मटार सोलता सोलता पत्र वाचलं. "अहो, स्पेनमध्ये लहूभावजी कुठून आले?"

"चूक झाली ना. करतो दुरुस्त," सुबोध म्हणाला आणि ‘सर्वांसाठी खुला’ असं टाइप केलं. डोळे मिटले. समोर गडगा. खोडून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. जे दिसत नाही ते लिहायचं कसं? माणूस हट्टी होता, पण कामात खोटं लिहिणारा नव्हता.

"दुपारपासून हेच चाललंय तुमचं," समीक्षानं मटाराचा टोप आपटला. "काम गेलं तर माझ्या तोंडाकडे बघू नका. जा आणि विचारा त्यांना, गडगा काढता का म्हणून. घाटकोपर आहे ते, स्पेन नाय!"

सुबोध रिक्षात बसला खरा, पण वाटेत दोनदा त्याला परत फिरावंसं वाटलं. इतक्या वर्षांनी त्या दारात उभं राहायची त्याला चक्क भीती वाटत होती.

दार लहूनंच उघडलं. बनियन, हातात वर्तमानपत्र, डोक्यावरचे केस सगळे पांढरे झालेले.

"दादा, गडग्याचं बोलायला आलोय," सुबोध म्हणाला. "माझं काम अडलंय."

"खयचो गडगो?" लहूनं चष्मा वर सरकवला. "तो कोसाळलो रे गेल्या पावसात. पाणंद मोकळी आसा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसा सांगतलंय? आपला भांडण आसा ना!"

"परत बांधला नाहीस?"

लहू वर्तमानपत्राची घडी करत राहिला. मग हळूच म्हणाला, "कोणासाठी बांधू? येवचा कोण होता थयसून?"

सुबोधनं चपला काढल्या. लहूनं त्याला हाताला धरून आत ओढलं, खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "पण फणस माझो हां." बाहेर आलेल्या वहिनींनी न विचारताच चहाचं आधण ठेवलं.

खुर्चीत बसूनच सुबोधनं मोबाइल काढला. डोळे मिटले. पाणंद थेट घरापर्यंत दिसली, दारातल्या तुळशीसकट. त्यानं लिहिलं, ‘हा रस्ता सर्वांसाठी खुला आहे,’ आणि पाठवून दिलं.

चहा संपेस्तोवर कंपनीचं उत्तर आलं. मागचा अनुभव पाहता विचारतो, रस्ता खुला असल्याची आपली खात्री आहे ना?

सुबोधनं क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, ‘पूर्ण खात्री आहे. गडगा गेल्या पावसातच पडलाय. गणपतीत मी स्वतः जाणार आहे.’