शेवटच्या धारा

कन्नड तालुक्यातील आमच्या गावी शेजारच्या मावशींनी म्हशीची कास कधीही पूर्ण रिकामी केली नाही. चारही सडांत थोडे थोडे दूध ठेवून त्या उठत आणि रेडकू सोडत. कोणी हसले तर म्हणत, "त्याच्या आईचं हाय. आपण मधले." यात तुमचे नुकसान आहे, हे त्यांना ऐकवणारे गावात पुष्कळ होते, त्यांत मी सर्वांत पुढे होतो.

दूध संस्था निघण्यापूर्वी त्यांचे दूध कन्नडच्या एका हॉटेलात जाई. भाव हॉटेलवाला ठरवी आणि गिऱ्हाईक मंदावले की "उद्या आणू नका" हेही तोच ठरवी. मावशी विधवा, मुलगा शाळेत, जमीन कोरडवाहू आणि दावणीला एक म्हैस. दूध परत आले की त्या दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जात. संस्था आली आणि हे थांबले. दूध दोन्ही वेळा घेतले जाई, भाव दुधातील फॅटवर, म्हणजे स्निग्धांशावर, ठरे आणि दर दहा दिवसांनी पैसे हातात पडत. मावशी त्याला पगार म्हणत. मी तेव्हा दिवाणी न्यायालयात कारकून होतो. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचा महिन्याला, माझा दहा दिसाला. मोठं कोण?"

अशा बाईला संस्थेच्या सचिवाने नोटीस दिली. त्यांच्या दुधाची फॅट सतत कमी लागते, सबब त्या घरी साय काढून उरलेले दूध घालतात. सभासदत्व रद्द का करू नये, याचा खुलासा करावा. नोटीस वाचून माझे डोके फिरले. चौकशीपूर्वीच आरोप सिद्ध धरणारा तो कागद होता. मी सचिवाला दोन, अध्यक्षांना एक आणि तालुका संघाला तीन पत्रे लिहिली. उत्पादकाने हरकत घेतल्यास गोठ्यात समक्ष दूध काढून तपासावे, हा संस्थेच्याच पोटनियमांतील नियम मी प्रत्येक पत्रात अधोरेखित केला. अखेर संघाचा पर्यवेक्षक येणार असे कळले.

त्या दिवशी सकाळी मी मावशींना बजावले, "आज रेडकू बांधूनच ठेवा. शेवटच्या धारांत सर्वांत जास्त फॅट असते. सगळे दूध काढा, म्हणजे सचिवाचे तोंड बंद होईल."

"रोज एक अन् आज एक? नाय जमायचं."

"मावशी, नाव कापले गेले तर पुन्हा कापूस वेचावा लागेल. तुम्हाला कायदा कळत नाही."

"नाय कळत. म्हैस कळती."

मी संतापून गोठ्याबाहेर उभा राहिलो. पर्यवेक्षक आणि सचिव यांच्यासमोर मावशींनी दूध काढले, नेहमीप्रमाणे थोडे ठेवले आणि रेडकू सोडले. संस्थेत नमुना तपासला. फॅट कमीच लागली, अगदी वहीत रोज लिहिली जाई तेवढीच. मी हरलो, असे मला वाटले. पर्यवेक्षक मात्र सचिवाला म्हणाले, "समोर काढलेलं दूध आणि रोजचं दूध एकच आहे. यात साय काढली कुठं? आज फॅट जास्त लागली असती, तर रोजची साय कुठं जाते, असं मला लिहावं लागलं असतं."

मावशींचे सभासदत्व त्या दिवशी वाचले ते माझ्या सहा पत्रांमुळे खरे. पण त्या सकाळचा माझा सल्ला त्यांनी ऐकला असता, तर मीच ते घालवले असते.

पर्यवेक्षक जाताना म्हणाले, "मावशी, शेवटचं दूधही घातलंत तर भाव वाढेल."

"ठाऊक हाय साहेब. आमचे भाऊ रोजच सांगत्यात. आज तर लई सांगत होते."

सचिव त्या आठवड्यात प्रथमच हसला.

पुढे मावशींचे गुडघे गेले. म्हैस विकून त्या बजाजनगरला मुलाकडे राहायला गेल्या. काही महिन्यांनी त्यांच्या गावच्या पत्त्यावर संस्थेची नोटीस आली: ठरलेल्या मुदतीत दूध घातले नाही, नाव कमी करण्यात येत आहे. ती घेऊन मी बजाजनगरला गेलो. इतक्या वर्षांच्या सभासदाला असे वगळता येणार नाही, यासाठी तीन मुद्दे मी बसमध्येच काढले होते.

मावशींनी मुलाकडून नोटीस वाचून घेतली. मग मला विचारले, "यात खोटं काय लिवलंय?"

"खोटे काही नाही. पण अपील करता येते."

"दूध घालत व्हते तवा नाव राखलं. आता म्हैस नाय. ज्याची हाय त्याचं नाव लागू द्या."

त्या चहा ठेवायला उठल्या. मी खिशातला मुद्द्यांचा कागद बाहेर काढलाच नाही. आयुष्यात हाती आलेल्या नोटिसांपैकी मी उत्तर न दिलेली ती एवढी एकच.