भंडाऱ्याखालची पुडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. देवापुढंही नाही — देवापुढं तर मुळीच नाही, कारण त्यालाच मी यात गोवलंय. तुम्ही माझे कोण, हे मला ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल.

मी नर्स आहे, कळंबजवळच्या एका उपकेंद्रात. गावात सगळे सिस्टर म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा शाळेत व्यसनावर बोलायला मला उभं करतात, आणि मी बोलतेही चांगलं. आधी पोरांना हसवते, मग घाबरवते, आणि शेवटी आयांकडं वळून म्हणते — घरात असं काही दिसलं तर झाकू नका. टाळ्या पडतात. त्या पडत असताना मी कुठं बघत असते, सांगू? बायकांच्या पायांकडं. टाचांकडं. का, ते पुढं येईल.

माहेर अणदूरचं. अण्णा एस.टी.त ड्रायव्हर, आई घर आणि दोन म्हशी सांभाळायची, आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान मल्लू. खरं नाव मल्हारी, खंडोबाला नवस बोलून झालेला. एवढा दांडगा गडी, पण झुरळ दिसलं की माझ्या मागं लपायचा. ही गोष्ट घडली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, नळदुर्गला कॉलेजात जात होता. मी सोलापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि माझं लग्न कळंबला ठरत आलं होतं. मुलगा मास्तर, घर चांगलं, माणसं देवभोळी. रविवारी पाहुणे आमच्याकडं येणार, खंडोबाची तळी भरायची आणि सुपारी फोडायची, असं ठरलं होतं.

शनिवारी मी देव घासायला काढले. टाक चिंचेनं घासायचे, कापड बदलायचं, हे काम माझ्याकडंच असायचं. भंडाऱ्याची डबी उचलली, तर खालच्या लाल कापडात कागदाची एक पुडी. आई देवळातून भंडारा आणते तो अशाच पुडीत असतो, म्हणून मी उघडली. आत पांढरी पावडर.

भंडारा पांढरा असतो का?

मला कळायला वेळ लागला नाही. सुट्टीला आले की मल्लूचे डोळे मी बघत होते. बाहुल्या मोठ्या झालेल्या, जबडा सारखा हलणारा. दोन-दोन दिवस झोप नाही, आणि मग दोन दिवस नुसती झोप. पुस्तकात वाचलेलं आमच्या घरात येऊन जेवायला बसलं होतं — आणि मी त्याला वाढत होते. जागा मात्र पोरानं हुशारीनं निवडली होती. कपाट कुणीही उघडेल, पण देवाच्या डबीखाली कोण हात घालणार?

गोठ्यात गाठून विचारलं. तो रडला. “ताई, अण्णाला सांगू नको. लई दिवस न्हाय झाले. तुजं लगीन होऊ दे, सोडतो बघ.”

तुजं लगीन होऊ दे. हे त्यानं म्हटलं, पण माझ्या मनात ते आधीपासून होतं की काय? मी आत गेले, पुडीची घडी होती तशी घातली आणि डबीखाली परत ठेवली. फेकलीसुद्धा नाही. फेकली असती तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई नेहमी म्हणायची. ती पुडी हीच माझी झाकली मूठ होती.

हा माझा गुन्हा नाही बरं का. म्हणजे आहे, पण मोठा तो नाही. मी अजून कडेकडेनंच चाललेय, कळतंय मला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला पाहुणे आले. नवरदेवाची आजी येऊन सगळ्यांत पुढं बसली; त्या घरात तिचा शब्द शेवटचा. ताटात भंडारा, खोबरं, सुपारी. पाच जणांनी ताट धरलं, त्यात मल्लू. “सदानंदाचा येळकोट” म्हणत ताट वर गेलं, आणि मल्लूच्या हातून सुटलं. भंडारा सगळ्या खोलीभर उडाला. मल्लू थरथरत होता. घामानं सदरा भिजलेला, डोळे ताठ, दात करकर वाजत होते, आणि तोंडानं अखंड काहीतरी बोलत होता, अर्ध्याचा अर्थ लागत नव्हता. मी मनगट धरलं. नाडी मोजता येईना, इतकी पळत होती. देव घासून मी जिथं ठेवली तिथूनच त्यानं पुडी घेतली होती.

आणि अण्णा — त्यांनी पोराला मागून धरलं होतं — माझ्याकडं बघून म्हणाले, “तू सिस्टर व्हायलीस ना? बघ की बाई. दवाखान्यात न्यावं का?”

सगळे माझ्याकडं बघत होते. आजीसुद्धा.

दवाखान्यात डॉक्टर काय विचारणार, मला माहीत होतं. ते पाहुण्यांच्या कानावर किती वेळात जाणार, तेही माहीत होतं. मी म्हणाले, “दवाखाना नको, अण्णा. देव आलाय त्याच्या अंगात. भंडारा लावा.” आणि जमिनीवरचा भंडारा चिमटीत घेऊन मीच त्याच्या कपाळाला फासला.

हे ते वाक्य. कुणाच्या अडाणीपणातून आलेलं नाही. त्या खोलीत खरं काय ते मलाच माहीत होतं, आणि मलाच विचारलं होतं.

आजी उठली आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या पाया पडली. “झाड हाय हो तुमचं पोरगं,” म्हणाली. आमच्याकडं ज्याच्या अंगात देव येतो त्याला झाड म्हणतात. सुपारी तिथंच फुटली. कळंबला मी झाडाची बहीण म्हणून मानानं नांदायला गेले. तो मान मी घेतला. मला तो आवडलाही — खोटं कशाला बोलू?

अणदूरला दर रविवारी बाया यायला लागल्या. लेकराचं, नोकरीचं, हरवलेल्या जनावराचं विचारायला. आईनं मल्लूला बसायला नवी घोंगडी आणली. पोराला देवानं निवडलं म्हणून तिच्या चालण्यात वेगळाच तोरा आला होता. आणि एकदा मल्लूचा फोन आला. “ताई, आता रविवारी घ्यावीच लागती मला. देव न्हाय आला तर माणसं काय म्हनतील? आईला काय सांगू?” मी म्हणाले, थोडे दिवस काढ, मी बघते. मला तेव्हा सातवा महिना होता. पण पोटाचा आणि फोनचा काय संबंध? मी बघितलं नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी घोंगडीवर बसल्या बसल्या त्याचं तोंड वाकडं झालं, उजवा हात गळाला आणि तो आडवा पडला. जमलेल्या माणसांनी येळकोट केला. भंडारा उधळला. आईनं आरती ओवाळली. ड्युटी संपवून अण्णा दुपारी घरी येईपर्यंत तो तसाच पडून होता आणि लोक पाया पडत होते. मला कुणी फोनसुद्धा केला नाही. देव आल्यावर सिस्टरला कशाला फोन करायचा? त्यांना ते मीच शिकवलं होतं.

सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, वेळ फार गेला. नशापाणी करायचा का, असं विचारलं. मी खरं सांगितलं — इंग्रजीतून. आई शेजारी उभी होती, तिला कळू नये म्हणून.

मल्लू वाचला. आता सव्वीस वर्षांचा आहे. ओसरीवर खुर्चीत बसलेला असतो. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच अक्षर उरलंय, “ता”. पाणी हवं तरी ता, ऊन लागलं तरी ता. आई म्हणते, कुणालापण तेच म्हणतो. मला तो ताई म्हणायचा.

आणि आईला वाटतं, देव कोपला. घोंगडीचं सोवळं तिच्याकडून मोडलं असेल, नैवेद्यात काही राहिलं असेल. म्हणून तिनं रविवारचं मीठ सोडलं आणि चप्पल कायमची सोडली. म्हशींमागं, शेतातनं, उन्हातनं तशीच हिंडते. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा ओसरीवर बसून मी तिच्या टाचा धुतल्या, मलम भरलं. समोर मल्लू होता. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “तू शिकलेली हाईस. सांग बाई, माजं काय चुकलं आसंल गं?”

दुसऱ्यांदा मला विचारलं गेलं. त्याच घरात.

मी म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही, आई.” आणि पट्टी बांधली. मल्लू माझ्याकडं बघून “ता” म्हणाला. मी पिशवी उचलली आणि चारची एस.टी. धरली.

आई अजून अनवाणी आहे. त्या रविवारी देव आलाच नव्हता. मी म्हणाले, म्हणून आला.