पलंगाच्या उंचीचे मासे

जयंतीवहिनी आमच्या समोरच्या दारात राहतात. चारकोपच्या या सोसायटीत आम्ही एकाच सुमाराला आलो, पण त्यांना निवांत बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. दुपारचा चहासुद्धा ओट्याला टेकून, उभ्यानंच.

त्यांच्या हॉलमध्ये चार फुटी फिशटँक आहे. तो विद्याधरभावोजींचा. कामावरून आले की पायातले बूटही न काढता त्याच्यासमोर उभे राहायचे, म्हणून स्टँड चांगला छातीएवढा उंच होता. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, पलंग हॉलमध्ये आला आणि भावोजींची नजर छताला लागली. बोलणं आटलं. कुशीवर वळवायला गेलं की अंग ताठ करायचे.

"मासे दिसले तर आपणहून वळतील," वहिनी म्हणाल्या.

मनाली, त्यांची मुलगी, मुलुंडहून फोनवर वैतागली. "आई, बंद कर ना तो टँक. किती करशील?"

"काय काय बंद करू ते एकदाच सांग," असं म्हणून वहिनी कुकर लावायला गेल्या.

बुटका स्टँड करायचा ठरला. भावोजींना कुशीवर वळवून त्यांच्या डोळ्यांपासून जमिनीपर्यंत आम्ही माप घेतलं. टँकचा मध्य बरोबर तिथे यायला हवा होता. माप घेतलं अगदी नीट. पण आमच्याकडे कुठलाही पलंग थेट जमिनीवर नसतो. चारी पायांखाली विटा, आणि त्या वाढलेल्या जागेत बॅगा, जादा गाद्या, गणपतीचं मखर. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की विटा कुणाला दिसतच नाहीत.

इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या वेल्डरनं लोखंडी स्टँड आणून दिला. त्यावर फळी, फळीवर थर्मोकोल, मग टँक, मग बादल्या वाहून पाणी. भावोजी खरंच कुशीवर वळले. वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण चार दिवस उतरला.

मग फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली, "काकांचे पाय जमिनीला टेकत नाहीयेत. बसायला शिकवायचं तर विटा काढा."

काढल्या. पाय टेकले. पण निजल्यावर डोळ्यांसमोर आली ती स्टँडची फळी.

"काय दिसता?" वहिनींनी त्यांच्या घरच्या मालवणीत विचारलं.

"पोटां," भावोजी म्हणाले. "माशांची पोटां." आणि पुन्हा छताकडे वळले.

"पलंग परत चढवायचा का?" मी म्हटलं.

"मग पाय?" वहिनी तिथेच भिंतीला टेकल्या. थोड्या वेळानं पदर खोचला आणि बाथरूममधला ड्रम घासायला घेतला. भरलेला टँक तसूभर हलत नाही. मासे ड्रममध्ये, पाणी मोरीत, सगळं परत पहिल्यापासून. वेल्डर स्टँडचे पाय कापायला घेऊन जाताना म्हणाला, "भाभी, इतना नीचे करोगे तो सफाई में कमर जाएगी."

"गई समझो," वहिनी म्हणाल्या.

त्याचं म्हणणं खरंच होतं. आता पाणी बदलताना नळीखाली बादली मावत नाही. पसरट टब ठेवावा लागतो, तो लगेच भरतो, पुन्हा पुन्हा ओतावा लागतो. उभ्यानं हात घालायचा तर पाठीचं पार धनुष्य होतं. शेवटी वहिनींनी प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणलं.

परवा गेले तर त्या स्टुलावर बसलेल्या, हात कोपरापर्यंत पाण्यात. पलीकडे भावोजी कुशीवर. काचेतून बायकोचा हात निरखून बघत होते. गोल्डफिश बोटांपाशी घुटमळत होते.

"थंय शेवाळ रवलां," भावोजी म्हणाले. सावकाश, पण अख्खं वाक्य.

"दिसतंय हो मला." वहिनींनी काचेचा तो राहिलेला कोपरा घासला. मग मान न वळवता मला म्हणाल्या, "चहा तूच टाक गं. मी आता उठत नाही."