कच्च्या भाताची वेळ

जे घड्याळ बघायला दोन हात लागतात, ते शहाण्या माणसानं घेऊ नये. मी घेतलं.

आणीबाणीचे दिवस होते. माझा मावसभाऊ आखातातून आला तो मनगटावर एक काळी काच बांधून. काटे नाहीत, आकडे नाहीत, चावी नाही. बाजूचं बटण दाबलं की आत रक्तासारखे लाल आकडे पेटायचे, बोट काढलं की विझायचे. मी ते बघितलं आणि माझी अन्नावरची वासना उडाली. शेवटी सासऱ्यांनी लग्नात घातलेलं चावीचं घड्याळ आणि वर माझी नवी सायकल त्याला देऊन मी ते मिळवलं. बायकोला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, फक्त जोर वाढला.

"माझ्या बापाचं घड्याळ दिलं व्हय?"

"अगं, त्याला रोज चावी द्यावी लागायची."

"तुमाला बी द्यावी लागती की. मी टाकलं का तुमाला?"

तिचा राग अगदीच नवा नव्हता. त्याआधी मी घरात एक चिनी घड्याळ आणलं होतं. त्यात प्रत्येक टिकटिकीला एक कोंबडी मान खाली घालून दाणे टिपायची. बायको पाहुण्यांना ते दाखवून म्हणायची, "वरीसभर टिपतीया, अंड्याचा पत्ता न्हाय. घरात अशी ही दुसरी, पयले आमचे हे." मग एक पेन आणलं, त्याच्या टोपणात घड्याळ होतं. शाई झिरपून वेळ कायमची निळी झाली. मग एका न्हाव्याच्या दुकानातलं उलटं घड्याळ आणलं. ते समोरच्या आरशात बघितलं की सरळ दिसतं. माझ्या घरात समोर आरसा नव्हता. त्या घड्याळापायी सासऱ्यांची अकलूजची एसटी चुकली आणि ते आमच्याकडे आणखी एक रात्र राहिले. आम्हा दोघांनाही ती जड गेली.

आता गंमत अशी की असा हा माणूस पोटासाठी काय करत होता? तर सोलापुरातल्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होता. हंगामी. त्या महिन्यात मी कायम व्हायचा होतो. कागद तयार होऊन लेबर ऑफिसरच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. सही झाली नाही तर मोहोळजवळच्या आमच्या गावी थोरला भाऊ माझ्या नावाचं खुरपं घासून बसलेलाच होता. "नोकरी गेली की सांग, बांधावर जागा हाय," असं तो दर सणाला इतक्या मायेनं म्हणायचा की पुरणपोळी घशाखाली उतरायची नाही.

ज्यांनी मिलचं सोलापूर पाहिलं नाही त्यांना भोंग्याचं सांगायला हवं. सकाळच्या पाळीला दोन भोंगे व्हायचे. पहिला झाला की गिरणगावात चुली पेटायच्या. मग अर्ध्या तासानं दुसरा. त्या अर्ध्या तासात काय काय बसवायचं याचा प्रत्येक घराचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला होता: अंघोळ, चहा, डबा, चालत गेट. कुणी घड्याळ बघत नसे. दुसरा भोंगा झाला की गेट बंद, आणि जो बाहेर राहिला त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार उभा. बदली म्हणजे ज्याला स्वतःची जागा नाही, जो रोज गेटच्या आत येऊन दुसऱ्याच्या न येण्याची वाट बघतो. हा भोंगा वाजायचा बॉयलरखात्यात, पण तो कधी वाजवायचा ते बॉयलरवाल्यांना सांगणारी घंटा असायची टाइम ऑफिसात. म्हणजे माझ्या हातात.

घड्याळ आल्यावर मी आठवडाभर ते दाखवत हिंडलो. भर उन्हात आकडे दिसत नसत, म्हणून लोकांना सावलीत, जिन्याखाली, एकदा तर मुतारीच्या आडोशाला नेऊन दाखवलं. शेवटी एका संध्याकाळी गेटसमोरच्या हॉटेलात मंडळी म्हणाली, नुसते आकडे काय बघायचे, पळवून दाखवा.

आता ते पळवायचं तर मागच्या बाजूला एक बारीक भोक होतं, त्यात पिन खुपसायची. बायकोच्या बांगडीतली एक सेफ्टीपिन मी त्यासाठी कायम खिशात ठेवायचो. खुपसली. मिनिटं सरसर पळायला लागली. टेबलाभोवती गर्दी, कुणाची मिशी माझ्या कानात, कुणाचा चहा माझ्या मांडीवर. "आरं पळतंय की! थांबव बे, थांबव!" मी थांबवलं. थांबेपर्यंत ते खऱ्या वेळेच्या चांगलं पाव तास पुढं गेलं होतं. ह्या घड्याळाला मागं येणं माहीत नव्हतं. पुन्हा जागेवर आणायचं तर सगळा फेरा पुढं पळवत न्यायचा. एवढ्या कौतुकाच्या मध्यात तसलं रटाळ काम कोण करणार? मी म्हटलं, घरी गेल्यावर करू. घरी गेल्यावर जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी. मी पोचलो तेव्हा रात्रीचा टाइमकीपर पहिला भोंगा देऊन जांभया देत डबा आवरत होता. तो गेला. मी खुर्चीत बसलो, बटण दाबलं, आकडे पेटले. मग समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. ते जुनं, लंबकाचं, इंग्रज साहेबाच्या काळातलं. आणि ते पाव तास मागं होतं.

संध्याकाळची पिन मला आठवायला हवी होती की नाही? पण नव्या वस्तूवर जीव जडलेल्या माणसाचं डोकं वेगळ्याच गल्लीतून चालतं. मी असं म्हटलं: अरेच्चा, म्हणजे ह्या झोपाळूनं पहिला भोंगाच उशिरा दिला! आणि त्याची लाज झाकायला म्हणून, खरं सांगतो, मोठ्या मनानं, मी स्टुलावर चढलो, काच उघडली आणि त्या बिचाऱ्या खऱ्या घड्याळाचा काटा बोटानं पुढं ढकलला. खाली उतरून हात झटकले. आणि जरा वेळानं घंटा दिली.

भोंगा झाला.

मी खिडकीतून पाहिलं तर गेटकडं येणारा रस्ता अर्धा मोकळा. जे होते ते आधी थबकले आणि मग पळत सुटले. धोतर सावरत, डबे वाजवत, एक जण तोंडाला साबण तसाच घेऊन. तोवर शिपायानं गेट ओढून घेतलं होतं. आत बदल्यांची रांग उभी होती. एरवी त्यातले चार-दोन घेतले जायचे, बाकीचे मान खाली घालून परत. त्या दिवशी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येऊन नुसता हात हलवत होता: चला, चला, सगळे चला. एका बदलीनं जाता जाता माझ्या खिडकीला हात लावून तो कपाळाला लावला. मला वाटलं, माझ्या घड्याळाची कीर्ती इथवर आली.

बाहेर आता दोन-तीनशे माणूस जमलं होतं.

"ए टायमकीपर! भाईर ये बे!"

"भोंगा तुझ्या बापानं वाजवला का बे?"

लेबर ऑफिसर आले. गोरेपान, इस्त्रीचे, आवाज कधीही न चढवणारे. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, आपल्या मनगटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भिंतीवरचं घड्याळ कशावर लावलंत?"

मी अभिमानानं मनगट पुढं केलं. खिडकीतून ऊन येत होतं, आकडे दिसेनात. म्हणून आम्ही दोघं मस्टरच्या कपाटात डोकी घातली. आत, जुन्या कागदांच्या वासात, साहेबांच्या डोक्याला डोकं लावून मी बटण दाबलं.

कपाटातच साहेब म्हणाले, "गाढव आहात."

बाहेर डोकं काढल्यावर मला पिन आठवली. मी म्हटलं, "साहेब, गेट उघडू या. चूक माझी आहे, मी सांगतो त्यांना."

"बदली कामगार साच्यावर उभे राहिले. मशीन सुरू झाली. आता गेट उघडलं तर हजेरी दोघांना द्यावी लागेल. ती तुम्ही देणार?" साहेबांनी आपल्या मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढली, शांतपणे काटा पाव तास पुढं नेला आणि चावी दाबून बसवली. "मिलचा भोंगा आजवर चुकलेला नाही. आजही नाही. बाहेर जाऊन सांगा."

"मी?"

"टाइमकीपर तुम्ही. कायम व्हायचंय ना?"

इतकंच म्हणाले.

मी गेटजवळ गेलो. गजांच्या पलीकडून मनगटंच मनगटं पुढं आली. लग्नात मिळालेली, काच तडकलेली, पट्ट्याच्या जागी सुतळी बांधलेली. सगळ्यांचे काटे एका जागी. मी म्हटलं, "भोंगा बरोबर आहे." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. कुणीतरी म्हणालं, जोरात बोल की बे. मी जोरात म्हटलं, "भोंगा बरोबर आहे! तुमची घड्याळं मागं आहेत." मागच्या एकानं गेटवर लाथ मारली. शिपाई म्हणाला, पोलिसांची गाडी बोलवू का? त्या दिवसांत एवढं पुरायचं. गर्दी चूप झाली.

मग आमच्याच चाळीतली, बॉबिनवर सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातली बाई पुढं आली. तेलुगू घरातली, माझ्या बायकोची मैत्रीण. मी तिला अक्का म्हणायचो. तिच्या हजेरीत खाडा म्हणून नव्हता. बाळंतपणाचे तेवढे सोडले तर एक दिवस चुकला नव्हता, आणि हे ती चाळीत नळावर रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची. तिच्या हातात घड्याळ नव्हतं.

"भाऊ, मी पहिल्या भोंग्याला भात लावते," ती म्हणाली. "उतरवते, डब्यात भरते, हितं येते. तवा दुसरा भोंगा होतो. रोज. आज भोंगा मधीच झाला, म्हणून तसाच उतरवला आन् पळत आले." तिनं डबा उघडला आणि गजांतून आत धरला. "हे बघा. शिजलाय का?"

भात पांढराफटक, ताठ, दाणा न्‌ दाणा वेगळा. तांदळाचा कच्चा वास येत होता.

"बघून काय कळतंय?" मागून एक जण ओरडला. "खा की टायमकीपर! खाऊन सांग!"

"खा, खा!" सगळेच.

मी मागं पाहिलं. टाइम ऑफिसच्या दारात साहेब हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सर्कशीतला अस्वलवाला काठी खाली ठेवून बघतो, तसे बघत होते.

मी एक घास घेतला. दाताखाली कचकच झाली. ती शंभर माणसांना ऐकू गेली असावी. मी चावत राहिलो. तो संपेना. एक दाणा दाढेत जाऊन बसला. अक्का माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की जणू तिचा खाडा माझ्या गालात आहे आणि मी एकदा थुंकलो की तिला परत मिळेल.

"शिजलाय," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अक्कानं डबा बाहेर ओढला, झाकण लावलं, आणि माझ्याशी न बोलता शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ मी आजवर कुणाला विचारला नाही. मग टाइम ऑफिसात येऊन तिच्या नावापुढं खाडा मीच मांडला, माझ्या सुवाच्य अक्षरात.

घरी बायकोला चाळीतून सगळं आधीच कळलं होतं. तिनं जेवायला वाढलं. भात नव्हता. "तुमी बाहेर खाऊन आला म्हनं," ती म्हणाली.

आता राहिला प्रश्न पुढं गेलेल्या वेळेचा. भिंतीवरचं घड्याळ एकदम मागं आणलं तर कबुलीच झाली. साहेबांनी त्यावरही तोड काढली: रोज एक मिनिट मागं घ्यायचं, कुणाच्या लक्षात येणार नाही. त्याप्रमाणे मी पंधरा दिवस रोज स्टुलावर चढून एक एक मिनिट चोरासारखं परत ठेवत होतो. तेवढ्या दिवसांत सगळं गिरणगाव अर्धवट झोपेत उठलं. लक्षात सगळ्यांच्या आलं होतं. बोलायची सोय नव्हती.

महिनाअखेर साहेबांनी मला बोलावलं. कागदावर सही झालेली होती. मी कायम झालो होतो. मी वाकून कागद घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी कागद सोडला नाही. त्यांची नजर मनगटावर होती.

"हे असलं घड्याळ टाइमकीपरच्या हातात शोभत नाही. नाही का?"

मी ते काढलं. त्यांनी ते बांधलं, बटण दाबलं, आणि पहिल्यांदाच लहान मुलासारखे हसले. मग कागद सोडला.

पण त्या घड्याळाची एक खोड मला तोवर कळली होती, त्यांना नव्हती. त्याचा सेल फार दिवस टिकत नसे, आणि तसला सेल सोलापुरात कुणी बघितलासुद्धा नव्हता. दिवाळीच्या आत बटण दाबूनही काच काळी ठिक्करच राहू लागली. साहेबांना ते उतरवणं जमेना. तोवर क्लबात, मीटिंगात, सगळ्यांना ठाऊक झालं होतं की साहेबांकडं लाल आकड्यांचं घड्याळ आहे. म्हणून खात्यांतून फेरी असली की ते मला बरोबर घ्यायचे. मी एक पाऊल मागं. कुणी वेळ विचारली की ते झोकात मनगट वर करायचे, बटण दाबायचे, कपाळाला आठ्या घालून काळ्या काचेत बघायचे, आणि मान किंचित माझ्याकडं वळवायचे.

भिंतीवरचं घड्याळ बघून आलेलं मी हळूच सांगायचो, "साडेदहा, साहेब."

"साडेदहा," साहेब म्हणायचे.

वाइंडिंग खात्यात गेलो की हटकून अक्काच वेळ विचारायची. साहेबांना नाही. थेट मला. आणि मी सांगितली की बॉबिनवरचा हात न थांबवता शेजारच्या बदलीला म्हणायची, "तू विचार ग जरा भाईर कुणालातरी."