दुपट्ट्याखाली घराचा सौदा

सांगतो, पण आधी घोटभर चहा पिऊन घ्या. मधेच हसू येऊन ठसका लागला तर तोही माझ्याच नावावर टाकाल. तिथे आधीच पुष्कळ जमा आहे.

तर मी एजंट झालो होतो. घरं-जमिनी विकून देणारा. तोही साधासुधा नाही हो! जे लोक बोलतच नाहीत, अशा लोकांचा एजंट! तुम्ही म्हणाल, असे लोक असतात का? असतात. चांगले शिकलेले, दारात गाडी असलेले, पुण्या-नागपूरकडचे. दिवसभर मौन पाळतात आणि सूर्य मावळला की हवं तर बोलतात. अशा मंडळींना जंगलाच्या कडेला घरं हवी असतात. का, तर तिथे शांतता असते म्हणे. आमच्याकडे या आणि एकदा मोराचं ओरडणं ऐका, मग सांगा.

आता मी या धंद्यात कसा पडलो? न बोलल्यामुळे.

मी लहानपणापासून लाजाळू. नववीत शाळा सोडली, कारण मास्तर उभं करून धडा वाचायला लावायचे. मग मामानं मला बैलबाजारात नेलं. मामा बैलांचा दलाल. ती जागा मला फार मानवली. कारण बैलाचा भाव तोंडानं करतच नाहीत! दलाल आपला दुपट्टा पसरतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालतं आणि बोटं धरून भाव सांगतं. एक बोट धरलं की एक हजार, पंजा धरला की पाच. आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. समोरच्यानं हात झटकला तर भाव नामंजूर, आणि घट्ट दाबून धरला तर सौदा पक्का. जगातला प्रत्येक व्यवहार असा झाला असता, तर मी आज मोठा माणूस असतो.

पण गावोगावी ट्रॅक्टर आले आणि बाजारात बैल कमी झाले. मामा म्हणाला, "आता प्लॉट विकत जाय बे. प्लॉटले चारा लागत नाई."

माझं पहिलं घर कोणाचं? वासुदेवभाऊंचं. आणि इथेच खरी गोम आहे.

वासुदेवभाऊंचं घर आमच्या गावात, नागभीडपासून थोडं आत, अगदी जंगलाला टेकून. त्यांना ते विकून गडचिरोलीला मुलाकडे राहायला जायचं होतं. आणि ते गेले की त्यांची मुलगी मनीषाही जाणार होती. मनीषा गावात शिलाई करते. तिच्याबद्दल मी कोणाला काही बोललो नव्हतो. तिला तर मुळीच नाही. पण मामाला कळलं आणि तो सरळ वासुदेवभाऊंकडे मागणी घालायला गेला.

वासुदेवभाऊ म्हणजे आमच्या गावाचा रेडिओ. बैलाला पाणी दाखवायला गेले तर बैलाशीही बोलतात, आणि बैल मान हलवून जमेल तशी उत्तरं देतो. ते मामाला म्हणाले, "रोशन पोट्टा चांगला हाय. पण बोलत नाई. ज्याले तोंड नाई, तो संसार कसा चालवन? त्यानं माहं घर विकून दाखवावं. मंग पाहू."

झालं! घर विकलं तर मनीषा. नाही विकलं तर वासुदेवभाऊ दुसरा दलाल पाहणार, घर विकणार, आणि मनीषा गडचिरोलीला.

मी मोबाईलवर घराचे फोटो टाकले. खाली काय लिहावं सुचेना. दोन दिवस विचार करून लिहिलं, 'इथे काही आवाज नाही.' मला म्हणायचं होतं की गिरणी जवळ नाही.

आणि एकदा दिवस मावळल्यावर एका बाईंचा फोन आला.

"नमस्कार, मी मेधा. आमचा एक मौन साधकांचा गट आहे. तुमची जाहिरात पाहिली."

अनोळखी बाईंचा फोन! माझी जीभ टाळूला चिकटली.

"हॅलो? ऐकताय ना?"

मी मान हलवली. फोनवर.

"...तुम्हीही मौनात असता का?"

यावर मी काय बोलणार? मी बोललोच नाही.

"वा!" मेधाताईंचा आवाज एकदम भरून आला. "बाकीचे एजंट बोलून बोलून डोकं उठवतात हो! तुम्हीच आमचे एजंट. आम्ही अकरा जण घर बघायला येतो. आमच्या बाकी मंडळींनाही पुढे तुम्हीच घरं शोधून द्या. पत्ता मेसेज करा."

हे असं झालं. मी एक शब्दही खोटा बोललो नाही, कारण मी शब्दच बोललो नाही.

गावात बातमी पसरली की रोशननं अकरा गिऱ्हाइकं आणली. आता घर शांत करायचं होतं. हातपंपाला तेल घातलं. कोंबड्या चुलत्याकडे पाठवल्या. राहिले वासुदेवभाऊ. त्यांना कुठे पाठवणार? घर त्यांचंच.

मी मामाकरवी निरोप दिला, सूर्य मावळेपर्यंत बोलायचं नाही.

"माह्याच घरात मीच नाई बोलू?" ते ओरडले. "जीव जाईन माहा!"

शेवटी मनीषानंच उपाय काढला. त्यांना दोन पुड्या खर्रा आणून दिला. आमच्याकडचा खर्रा तुम्हाला माहीत आहे ना? सुपारी-तंबाखूचा एवढा मोठा घास. तोंडात भरला की माणूस फक्त "हूं" म्हणू शकतो, आणि पाहुण्यांसमोर थुंकायची सोय नाही. वासुदेवभाऊ गाल फुगवून ओसरीवर बसले.

दुपारी दोन गाड्या आल्या. अकरा जण उतरले, सगळे पांढऱ्या कपड्यांत. पुढे एक लांब दाढीवाले गृहस्थ. त्यांना सगळे दादाजी म्हणतात, हे मला मेसेजमुळे ठाऊक होतं. मेधाताईंनी हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी घर पाहिलं. मागची विहीर पाहिली. सागाच्या झाडाला हात लावून पाहिला. मग सगळे अंगणात येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. आता एजंटनं भाव सांगायला हवा की नको? तेही बोलत नाहीत, मीही बोलत नाही, आणि मालकाच्या तोंडात खर्रा!

मला वाटलं, अरे, हे तर माझंच काम आहे!

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पसरला, आणि दादाजींचा हात त्याखाली घेतला. बैलात एक बोट म्हणजे हजार, तर घरात एक बोट म्हणजे लाख, असा नियम मी तिथल्या तिथे केला. हा नियम दादाजींनाही माहीत असायला हवा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी त्यांची बोटं धरून भाव सांगितला. अगदी सावकाश, बैलबाजारात सांगतात तसा.

दादाजींनी डोळे मिटले.

मी थांबलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, भाव जास्त झाला. मी एक बोट सोडलं. तर त्यांनी माझा पंजाच्या पंजा घट्ट धरला आणि वर दुसऱ्या हातानं दाबला!

अहो, गिऱ्हाईक स्वतःहून भाव वाढवतंय! मामाच्या उभ्या जन्मात असं झालं नव्हतं.

दादाजी बाजूला होऊन शांत बसले, आणि त्यांच्या मागच्या बाईंनी पुढे येऊन दुपट्ट्याखाली हात घातला. त्यांनीही दाबून धरला. मग तिसरे. मग मेधाताई. सगळी रांगच लागली! जो तो हात घालतो, डोळे मिटतो, दाबून धरतो. एकाच घराला अकरा गिऱ्हाइकं, आणि एकजणही हात झटकायला तयार नाही!

ओसरीवर वासुदेवभाऊ ताडकन उभे राहिले. ते शेतकरी माणूस, बैलबाजार त्यांनी माझ्याआधी पाहिलेला. अकरा हात दुपट्ट्याखाली जाताना पाहून त्यांना काय वाटलं असेल? ते मला डोळ्यांनी खुणावू लागले. "हूं! हूं!" म्हणजे थांब बे, इतक्यात देऊ नको. मग त्यांच्यानं राहवेना. ते स्वतःचा दुपट्टा घेऊन आले आणि दादाजींशी थेट भाव करायला बसले. दादाजींनी त्यांना मिठीच मारली.

हे सगळं कुंपणावरून गाव पाहत होतं.

शेजारच्या देवाजीला वाटलं, ही मंडळी काहीही विकत घेताहेत, तर आपली बकरी का राहावी? तो बकरी घेऊन आला. एकानं जुनी मोटारसायकल ढकलत आणली. एका आजीनं मोहाच्या फुलांचं टोपलं आणलं. अर्ध्या तासात अंगणभर दुपट्टे पसरले. प्रत्येक दुपट्ट्याखाली दोन हात, एक पाहुण्याचा, एक गावकऱ्याचा. पाहुण्यांचे डोळे मिटलेले, गावकऱ्यांचे चमकलेले. आणि एवढ्या माणसांत एक शब्द नाही! आमच्या गावात इतकी शांतता मयतीलाही नसते.

मनीषा दारातून पाहत होती. तिनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली. म्हणजे, हे काय चाललंय? मी ऐटीत मान डोलावली. म्हणजे, आपलंच काम.

सूर्य मावळला.

मेधाताईंनी मोठा श्वास घेतला. दादाजी उठले, माझ्याजवळ आले आणि बोलले, "आम्ही हे घर घेतो. मालक म्हणतील त्या भावात."

वासुदेवभाऊ धावत कुंपणापलीकडे गेले, थुंकले, आणि परत आले. "बोला जी! दुपारपासून पोटात गोळा आला माह्या! कवा करायचा कागद?"

"उद्याच. पण एक अट आहे." दादाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यांनी आयुष्यभर याच घरात राहायचं. आमचे गुरू म्हणून. मी देशभर फिरलो, पण स्पर्शानं मन शांत करणारी ही अरण्यातली साधना कुठे पाहिली नाही. हे दुपट्ट्याखालचं ज्ञान! आणि इथे तर अख्खं गाव साधक आहे! हा तरुण संसार, लग्न, या सगळ्याच्या पलीकडे गेलेला आहे."

मी वासुदेवभाऊंकडे पाहिलं. आता ते तरी सांगतील.

वासुदेवभाऊ म्हणाले, "गेलाच हाय जी! कवाचाच गेला! मंजूर!"

मंजूर? मी दाराकडे पाहिलं. मनीषा आत वळली होती. आणि काय झालं मला ठाऊक नाही, माझ्याच छातीतून कोणीतरी ओरडलं,

"मले पलीकडे नाई जायचं! मले मनीषाशी लग्न करायचं हाय!"

सागावरची पाखरं उडाली. देवाजीच्या हातून दुपट्टा पडला.

मेधाताई हळूच म्हणाल्या, "हे... बोलतात?"

वासुदेवभाऊ म्हणाले, "आमालेबी आजच समजलं."

एकदा बांध फुटला की थांबतं का? मी सगळं सांगून टाकलं. फोन, मामा, बाजार, बोटं. दादाजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे ही बैल विकायची पद्धत?"

"हो जी."

"आणि मी... बैल?"

"नाई जी! बैल तं घर होतं. तुम्ही गिऱ्हाईक."

"आणि मी डोळे मिटून तुझा हात घट्ट धरला, तेव्हा?"

"तेव्हा तुम्हीच भाव वाढवून दिला जी."

दादाजींनी हात झटकला. मंडळी मुकाट्यानं, पण यावेळी साधना म्हणून नव्हे, गाड्यांत बसली आणि निघाली. देवाजी मागे धावला, "अन माही बकरी? त्या बाईनं हात दाबला होता! सौदा पक्का झाला!" त्यानं बकरी आधीच मागच्या गाडीत चढवून ठेवली होती. गाडी वळणापर्यंत गेली, आतून "बेंऽऽ" असा आवाज आला, गाडी थांबली, बकरी खाली उतरली, गाडी गेली.

अंगणात मी उभा. समोर वासुदेवभाऊ. घर गेलं नव्हतं, गिऱ्हाइकं गेली होती.

"चोवीस वर्षं तोंड शिवून बसला," ते कपाळावर हात मारत म्हणाले, "अन तोंड उघडलं तं नेमकं आज? कागद झाल्यावर नाई बोलता आलं? अबे, घर विक म्हटलं होतं मी तुले! विकलं का?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग विषय संपला."

"कसा संपला?" मनीषा बाहेर आली. आधी माझ्याकडे वळली. "एवढं बोलता येते तं आजवर काय दातखिळी बसली होती तुयी?" मग वडिलांकडे. "घर विकलं नाई, म्हणजे तुमाले गडचिरोलीले जाता येत नाई. तुम्ही नाई जात, तं मी बी नाई जात. अन या पोट्ट्यानं सगळ्या गावासमोर माहं नाव घेतलं. आता मले कोण दुसरा पाह्याले येईन? तुम्हीच सांगा."

वासुदेवभाऊंनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कुंपणावरच्या गर्दीतून मामा पुढे झाला आणि म्हणाला, "भाऊ, लग्नाची तिथी काढू का?"

लग्न झालं. घर काही अजून गेलं नाही, कारण त्या दिवसाची गोष्ट पार ब्रह्मपुरीपर्यंत पोचली आणि त्या अंगणात पाय ठेवायला गिऱ्हाईक घाबरतं. वासुदेवभाऊंना एकट्याला एवढं घर सांभाळवत नाही, म्हणून मीच तिकडे राहायला गेलो. घरजावई.

आता कोणी पाहुणा आला की सासरे त्याला ओसरीवर बसवतात, चहा सांगतात आणि माझी ओळख करून देतात, "हा रोशन, माहा जावई. याले घर विकाले ठेवला होता, तं हा घरातच राहून गेला."