रुमालाखालचं पाकीट

रुमालाखाली मी आयुष्यात एकदाच सपशेल आपटलो, आणि तेही मार्केटात नाही, मेडिकलच्या दुकानात.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माझा गाळा. त्या काळी आमच्याकडे भाव तोंडाने ठरायचाच नाही. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून रेट सांगायचा. शेजारच्या गाळ्याला पत्ता लागत नाही! (आमच्या हिची तक्रार, की मी घरीही तोंड उघडत नाही.)

तर ही गेलेली कोरेगावला, भावाच्या साखरपुड्याला. मार्केट बंद, मी लुंगीवर पेपर वाचतोय, आणि आमची वैशाली, सातवीतली, बाथरूममधून बाहेरच येईना.

"वैशू, पोट बिघडलं का गं? ओवा देऊ?"

"नको!"

"मग सोडा?"

"पप्पा, मला पाळी आलीय! शाळेत बाईंनी सगळं सांगितलंय, पण आईच्या कपाटात पॅडचं पाकीट नाहीये. तुमी मेडिकलमधून आणा ना." मग एक हुंदका. "आणि बिल्डिंगमध्ये कुणाला कळलं ना, तर मी खाली खेळायला जाणारच नाही. कधीच!"

असली खरेदी मी जन्मात केली नव्हती. पण लेक रडत होती, म्हणजे जाणं आलंच. मी दाराला तोंड लावून शब्द दिला, "तुझ्या पप्पाने आजवर कुणाचा भाव फोडला नाही. हे काय फोडणार!"

मोठ्या तोऱ्यात मेडिकलमध्ये शिरलो, तर काउंटरवर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मोरे खोकल्याचं औषध घेत उभे! मोरेंच्या कानावर गेलं म्हणजे नोटीस बोर्डावर लागल्यातच जमा.

"बोला जाधवशेठ," मेडिकलवाला म्हणाला.

तोंड काही उघडेना. मग हातांनी आपलं रोजचं काम सुरू केलं. मी त्याचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि एक बोट दाबलं. एक पाकीट. किती सोपं!

"काय होतंय शेठ?"

मी आणखी जोरात दाबलं आणि डोळ्यांनी वरच्या फळीकडे खूण केली. (पाकिटं तिथंच होती हो!)

"अहो मोरे, धरा यांना! डोळे फिरवतायत!"

"नाही, नाही, मला फक्त..."

"बोलू नका! अजिबात बोलायचं नाही!" मोरेंनी मला दाबून स्टुलावर बसवलं. कुणी ग्लुकोज पाजलं, कुणी तळपाय चोळले. एकाने तर फोडलेला कांदा आणून नाकाला लावला. मला! कांद्याच्या व्यापाऱ्याला! (त्यातही माल हलका होता.)

मग रिक्षा. बिल्डिंगखाली पोचताच मोरे ओरडले, "जाधवांना अटॅक आला!" झालं, अख्खी सोसायटी खाली. चौघांनी मला खुर्चीत घालून वर चढवलं. रुमाल माझ्या मुठीत, पाकीट दुकानात. मला सतरंजीवर आडवं केलं, डॉक्टरांना निरोप धाडला, आणि मोरे माझी छाती दाबायला बाह्या सरसावून बसले.

तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली. कमरेला टॉवेल गुंडाळून वैशू धावत आली. "पप्पा! काय झालं तुमाला?"

मी ओठांवर बोट ठेवलं. मी कुणाला काही बोललो नाही, असं मला म्हणायचं होतं. पोरगी हुशार. तिला सगळं कळलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या गर्दीकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सोडा त्यांना! काही झालं नाही त्यांना! मला पाळी आलीय, ते पाकीट आणायला गेले होते!"

मोरेंनी सरसावलेल्या बाह्या हळूच खाली ओढल्या. माझ्यासाठी पोरीने आपलं गुपित चारचौघांत सांगून टाकलं, आणि माझ्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. (लोकांना वाटलं, कांद्याने.)

"एवढंच होय!" मोरेवहिनी पदर खोचून म्हणाल्या. "चला पुरुषांनो, बाहेर व्हा! वैशू, ये गं बाळा."

त्यांनी आपल्या घरून पाकीट आणलं, तिला सगळं नीट समजावलं, वर शिरा करून खायला घातला. संध्याकाळी वैशू खाली मैत्रिणींबरोबर हसत बसलेली. झोपून मी होतो. आलेच आहेत म्हणून डॉक्टरांनी माझं बीपी बघितलं, तर ते खरंच वाढलेलं निघालं!

पुढच्या महिन्यात वैशूने माझा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला, एक बोट दाबलं आणि खुदकन हसली. मी ताठ मानेने मेडिकलमध्ये गेलो आणि अख्ख्या मार्केटला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "पॅडचं एक पाकीट द्या!"

ओरडायची तशी गरज नव्हती म्हणा. पण मला बघताच मेडिकलवाल्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते.